समोरच्या घरची वाटी

आई, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात कॉम्प्युटर नव्हता. आता माझं पोट त्याच्यावरच चालतं. साथ कशी पसरते ते मी पडद्यावर मांडते. माणूस म्हणजे एक ठिपका, आणि दोघांचं बोलणं-बसणं असेल तर त्यांच्यामध्ये रेघ. एका ठिपक्याला आजारी करायचं आणि आजार रेघांवरून कुठे कुठे पोचतो ते बघत बसायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं शिकून शेवटी गल्लीतल्या चौकशाच करतेस की.

हैदराबादेत कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्या आठवतात. बुद्धपौर्णिमेला तू सकाळपासून खीर ढवळते आहेस आणि मी वाट्या घेऊन जिने चढते-उतरते आहे. वरच्या आपांची वाटी सगळ्यात आधी. एक घर मात्र तू वगळायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "ते आपल्या हातचं घेत नाहीत. राहू दे." आणि पातेलं जरा जोरातच घासायला लागलीस. पण ज्या घरून वाटी आली तिथे ती परत जायचीच, तीही भरून. घरात काही नसलं तर म्हणायचीस, "रिकामी नेऊ नको गं माय, चिमूटभर साखर तरी टाक." ईदेला आपा शीरखुर्मा देताना मला बजावायच्या, "अम्मी को बोलो, कटोरे की जल्दी नक्को." तरी दुसऱ्या दिवशी तू मला पिटाळायचीसच.

गेल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना शिकवायला म्हणून मी दिलसुखनगरला राहते ती इमारतच उदाहरणाला घेतली. त्यांनी घरोघर विचारलं, तुम्ही इथे कुणाकुणाशी बोलता? मीही उत्तर दिलं, कुणाशीच नाही. मग आम्ही पडद्यावर साथ सोडली. कितीदाही सोडली तरी सगळी इमारत लाल व्हायची आणि कोपऱ्यातला माझा ठिपका निळाच राहायचा. "मॅडम, आपकू कुच नै होता!" पोरं हसली, मीही हसले. मग एक मुलगी म्हणाली, "आपके सामनेवाली आंटी आपका नाम लिए थे, मॅडम. आप उनका नै लिए, तो लाइन काट दिए." दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं तरच रेघ ओढायची, हा नियम मीच घालून दिला होता.

त्या बाईंनी उगादीला, म्हणजे पाडव्याला, मला वाटीभर पुलिहोरा दिला होता, आपल्या चिंचेच्या भातासारखा. ती वाटी घासून फळीवर ठेवली, ती अजून तिथेच आहे. आधी तिच्यात घालायला काही नव्हतं, मग इतके दिवस गेले की लाज वाटायला लागली. फार एकटं वाटतं गं आई. संध्याकाळी कुलूप उघडताना समोरच्या दारामागे कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि मी पटकन आत शिरते.

आज खीर केली. जराशी खाली लागली, पण वाटी भरली आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही हे मलाही कळतं. खरं सांगू? तुझी आठवण आली म्हणून लिहायला बसले नाही. बेल वाजवायचा धीर होत नाही म्हणून बसले. खिरीवर साय धरली आहे.