पंधराशे ब्याण्णव

नांदेड
रविवार, २० एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप गंधारदादास,
राजश्रीचा नमस्कार. आम्ही सुखरूप आहोत. लातूरला पाणी किती दिवसांआड येते, वहिनींचा गुडघा कसा आहे, ते कळव.

बुधवारी तू बाह्य परीक्षक म्हणून आमच्या प्रयोगशाळेत येणार आहेस. फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून लिहिते. विषय तुझाच आहे, तरी क्रमाने सांगते.

प्रयोग साधा: एक रोध, एक धारित्र; तुझ्या भाषेत रेझिस्टर आणि कपॅसिटर. वारंवारता वाढवत जायची आणि बाहेर येणारा संकेत सत्तर टक्क्यांवर कुठे उतरतो ते टिपायचे. पुस्तकी उत्तर पंधराशे ब्याण्णव हर्ट्झ. हिमायतनगरची सिंधु माझ्याकडे वही घेऊन आली. "मॅडम, माझं लई कमी येऊन राहिलंय. सातशे वीस. पुस्तकातलं बसवू का?"

धारित्र पाहिले. त्यावर १०४ ऐवजी २२४ छापलेले, म्हणजे दुपटीहून मोठे. अख्खा खण चुकीच्या धारित्रांनी भरलेला, आणि तो मीच भरला होता. त्या खणातून पंधराशे ब्याण्णव येणे शक्यच नाही. तरीही उरलेल्या त्रेसष्ट वह्यांत तेच, शेवटच्या अंकापर्यंत.

मी एकाही वहीवर सही केली नाही. प्राचार्य म्हणाले, मंगळवारपर्यंत सह्या करा, नाहीतर जूनपासून तुमच्या तासिका बंद. तू फोनवर म्हणालास, "रीडिंग बसवून घे ना राजू, कोण बघतंय? लई शहाणपणा नको."

कोण बघते, ते सांगते. काल मी माझी तिसऱ्या वर्षाची वही काढली. पंधराशे ब्याण्णव. पंचवीसपैकी चोवीस गुण. दादा, त्या दिवशी मी वारंवारता बदलणाऱ्या जनित्राच्या बटणाला हातही लावला नव्हता. अक्षर माझे, आकडे तू सांगितलेले. ते पान मी फलकावर लावले आणि मुलांना हे सारे सांगितले, तुझ्या नावासकट. मग मागून एक जण म्हणाला, "मॅडम, उद्या लॅब उघडता का?"

आज रविवार, आणि चौसष्ट जण मोजत आहेत. खणातली धारित्रे मी बदललेली नाहीत. जूनचे जून पाहीन.

बुधवारी ये. सिंधुला तिचे उत्तर कमी का, असे विचारू नकोस. बाकीच्यांचे बरोबर कसे आले होते, ते मला विचार. पान फलकावरच असेल.

तुझीच, पण आता मोजून लिहिणारी,
राजश्री