एक्स-रेत न दिसलेली सूज

३ जून
चोमा गावच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. "फोटो स्वच्छ आहे, मॅडम. वजन कमी करा." वजन! चार महिने खुबा पेटलाय, फळ्याला टेकून शिकवते — आणि म्हणे स्वच्छ! पुन्हा त्याच पांढऱ्या गोळ्या.

४ जून
सासूबाई शेंगदाणे कांडता कांडता मला म्हणाल्या, "लुबोनोच्या आई, शाळेत खुर्च्या नाहीत का गं?" हमूंगा हसला. नवरा म्हणायचा! ताट तसंच टाकून उठले. उठताना कळ आली, ती दिसू दिली नाही.

१७ जून
लुसाकाला गेले. मोठ्या यंत्रात झोपवलं. डॉक्टर नामाकाऊ बाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं — हाडाच्या आतल्या मज्जेला सूज आहे. साध्या फोटोत ती दिसतच नाही. खुब्याचा गोळा अजून शाबूत आहे, पण अशीच चालत राहिले असते तर खचला असता. हाड बळकट व्हायला सलाइनमधून औषध दिलं. सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही. कुबड्या.

परतीच्या बसमध्ये रडले. दुखण्यानं नाही, संतापानं. चार महिने मी खोटी होते!

१८ जून
कुबड्या बघून सासूबाई म्हणाल्या, "आता हे काय नवीन?" मी डॉक्टरांचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नाही हे ठाऊक असून धरला. मग हमूंगाला वाचायला लावला. दोनदा, मोठ्यानं. सासूबाई उठून मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळायला बसल्या. संध्याकाळचं पाणीही त्यांनीच आणलं.

मी आभार मानले नाहीत. मानणारही नाही.

८ जुलै
ठणका निम्म्यावर आलाय. राग आहे तेवढाच आहे.

१ ऑगस्ट
पुन्हा लुसाका. सूज ओसरतेय. पिशवी धरायला सासूबाई सोबत होत्या. त्या जरा एका बाजूला झुकून चालतात; आम्ही वय म्हणून सोडून दिलेलं. डॉक्टरबाईंनी मात्र त्यांची चाल पाहिली आणि त्यांचाही फोटो काढायला लावला. त्यांचं साध्या फोटोतच दिसलं — डावा खुबा पार सपाट. वीसेक वर्षांचं दुखणं असेल, डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "कधी सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. हमूंगाच्या बापाला. ते म्हणाले, ढोंग करतेस."