सख्याची लुंगी

बुधवार, ५ मार्च. उधना.

शेजारच्या दामूकाकांचा आज दहावा झाला. उभा जन्म मगदल्ल्याच्या मालवाहू बोटींवर खलाशी होते. पिताना म्हणायचं त्यांचं गाणं मी गेल्या वर्षी उतरवून घेतलं. वाह्यात कडवी गाळली, वहीत पक्की प्रत केली, कच्चे कागद फाडले. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, हात आपोआप तसाच चालतो.

आज त्यांचा बोटीवरचा जुना सोबती रघू भेटला. मोठ्या ऐटीत वही वाचून दाखवली त्याला. शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "मास्तर, सख्याच्या लुंगीचं कडवं राहिलं."

"घाण होतं ते. गाळलं."

"बोटीवर रडायचं नाही, मास्तर. कोणी दर्यात गेला की त्याच्या नावाचं एक चावट कडवं जोडायचं. प्यायला बसलं की म्हणायचं. सख्या दामूचा धाकटा भाऊ."

काकांना प्रत वाचून दाखवली तेव्हा ते गप्प बसले होते. मला वाटलं, आवडली. त्यानंतर मात्र कधी गायले नाहीत. सांगायचं ना मग? की मीच विचारायचं होतं?

'सख्याची लुंगी वाऱ्यानं नेली...' पुढे? आठवत नाही. रघूलाही येत नाही. तो सांगतो, ते कडवं दामूच म्हणायचा, बाकीचे नुसती टाळी द्यायचे.

निघताना रघूने विचारलं, "आणखी कोणाचं गाळलं नाही ना?"

सात कडवी गाळली होती. मी 'नाही' म्हणालो.