अठ्ठावीस दात आणि ठिकाणावर असलेले डोके

मी, लॅव्हिनिया होगलंड, वय साठ, राहणार क्विन्स हॉलो, न्यू जर्सी, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोके ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा सरकारी दाखला गावात फक्त आमच्या घरात आहे. बाकीच्यांनी आपापले बघावे.

माझा दाखला मला १९२२ साली वेड्यांच्या इस्पितळातून सुटताना मिळाला. आई गेल्यावर मी महिनाभर कोणाशी बोलले नाही, म्हणून थोरला भाऊ गॅरेट याने 'बहिणीला वेड लागले आहे' अशा कागदावर सही करून मला तिथे पोचवले. तिथल्या बड्या डॉक्टरांचे ठाम मत, की वेड दातांच्या मुळाशी साठलेल्या विषाने लागते. आधी चार दात काढले. तरी मी बोलेना. मग उरलेले अठ्ठावीस काढले, वर घशातल्या गाठीही. तेव्हा मी बोलले. काय, ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण डॉक्टरांनी 'गुण आला' अशी नोंद केली.

कलम १. राहते घर, सफरचंदाची बाग आणि बँकेतली शिल्लक टिल्डा व्रूमन हिला. ती माझ्या शेजारच्या खाटेवर होती. तिचेही दात गेले होते, तरी आपल्या वाटणीच्या दुधात पाव भिजवून ती मला भरवायची. सुटल्यापासून आम्ही एकत्र राहतो. घर गॅरेटच्या हाती गेले तर तो तिला पुन्हा त्याच इस्पितळात धाडील. मला मरणाची नाही, याची भीती वाटते.

कलम २. माझी कवळी त्या इस्पितळाला. खरे दात त्यांच्याकडेच राहिले. संच पुरा होऊ द्या.

कलम ३. 'ती वेडीच होती' म्हणत गॅरेट कोर्टात जाणार, हे शेंबडे पोरही सांगेल. म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले. घर आपलेच, या खात्रीने तो धावत आला आणि आत्ता समोर बसला आहे.

"गॅरेट, वाचून तरी बघ."

"वाचायचं काय त्यात, व्हिनी? तुझं डोकं शाबूत आहे, एवढंच ना? आहे की! कुठं करू सही?"

"खाली. जरा दम धर, एवढं लिहून होऊ दे."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे त्याला ठाऊक नाही. तेव्हाचा 'वेड लागले आहे' म्हणणारा कागद आणि हा कागद, दोन्हींच्या नकला टिल्डाने त्याला टपालाने पाठवाव्यात. कोणती सही खरी, ते त्याने निवांत ठरवावे.

लॅव्हिनिया होगलंड
क्विन्स हॉलो, ९ ऑक्टोबर १९५८

लॅव्हिनिया होगलंड यांची बुद्धी शाबूत असल्याचे आम्ही समक्ष पाहिले.
१) गॅरेट होगलंड (मजकूर न वाचता)
२) आयडा प्रुइन, पोस्टमास्तरीण (मजकूर वाचून, हसू आवरून)