सगळ्यांची गाणी

बालाघाट, ३ सप्टेंबर २०२४

चि. अपूर्वा हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस आणि मी टेबलावर बोट वाजवतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. घशाच्या ऑपरेशनपासून एवढंच माझं बोलणं उरलंय. म्हणून पत्र. अनुराग म्हणतो, आजोबांच्या जमान्यातलं हे खूळ बाबांनी का काढलं! काढलं तर काढलं.

तू उन्हाळ्यात येऊन हॉलमधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर सगळी गाणी भरलीस आणि माझ्या खोलीतला, अनुरागचा वरचा आणि आईचा स्वयंपाकघरातला लॅपटॉप त्याला जोडून दिलास, ते छानच झालं. फक्त एक अडचण होती. मी निवांत सतार ऐकत बसावं, तर मध्येच माझीच भूपाळी सुरू व्हायची. भरवेलीच्या गणपतीत गायलेली, वीस वर्षांपूर्वीची. पोरी, स्वतःचा आवाज असा परक्यासारखा ऐकवत नाही गं. शेवटी काल माझ्यापुरती माझी सगळी गाणी काढून टाकली. बाकीच्यांकडे राहू दे. आईला सांगू नकोस, ती समजेल मी हाय खाल्ली.

तब्येतीला जप. तिकडची खुशाली लिहीत जा, मी वाट पाहतो.
तुझे बाबा

बालाघाट, ६ सप्टेंबर

चि. अपूर्वास,
आईचा आशीर्वाद.

फोनवर सांगता येत नाही. यांचा आवाज गेला, पण कान शाबूत आहेत, म्हणून कागदावर.

हे सकाळी फिरायला गेले की मी लॅपटॉपवर यांची भूपाळी हळू आवाजात लावते. यांच्यासमोर लावायची हिंमत होत नाही. पोळ्या लाटताना ऐकत राहते, यांची पावलं वाजली की बंद करते. परवापासून ती सापडतच नाही. माझ्याच हातून काही दाबलं गेलं का? अनुरागने वर पाहिलं, तिथेही नाही. गोदाबाई भांडी घासताना विचारत होती, साहेबाचं गाणं आताशा काहून नाही वाजत म्हणून. तिला काय सांगू? मला तर कणीक मळतानाही सुचेनासं झालंय.

तुझ्याकडे यांची गाणी असतीलच. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. यांना मात्र कळू देऊ नकोस, फार जीव लावून गायले होते गं.

सुनीलरावांना नमस्कार. आम्हां दोघांवर माया ठेव.
तुझी आई

पुणे, १४ सप्टेंबर

ती. बाबांना,
अपूर्वाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र आधी तुम्हालाच लिहिते आहे, कारण आईला लिहायचं धैर्य नाही.

बाबा, घरात गाणी चार ठिकाणी नव्हतीच. ती एकट्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर होती. बाकीच्या तिघांतून फक्त तिथे जायची वाट होती. तुम्ही तुमच्या खोलीतून काढली, ती सगळ्यांचीच गेली. मी फोल्डरला ‘सगळ्यांची गाणी’ असं नाव दिलं आणि त्याचा अर्थ कोणालाच समजावून सांगितला नाही. माझ्याकडे प्रत नाही. बालाघाटला आहेत, जातात कुठे, असं वाटलं. मूळ कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या मीच फेकून दिल्या. अनुरागने डिस्क गोंदियाला दाखवली, पण मधल्या दिवसांत तिच्यावर त्याने नवी गाणी भरली होती. दुकानदाराने हात टेकले.

आणि आणखी एक. आई रोज सकाळी तुम्ही फिरायला गेलात की तुमची भूपाळी ऐकायची. तिला वाटतंय, तिच्या हातून गेली. तिने मला गप्प राहायला सांगितलं, तुम्हीही सांगितलं. मी इथे बसून दोघांचं ऐकून काहीच करू शकत नाही. खूप रडले.

रागवा, पण पत्र पाठवा.
तुमची अपूर्वा

बालाघाट, २७ सप्टेंबर

चि. अपूर्वा हिस,
आशीर्वाद. रडू नकोस.

मी आईला पाटीवर सगळं लिहून दाखवलं. तिने दोनदा वाचलं, पदराने पाटी पुसली आणि कुकर लावायला उठली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता या घरात दोघंही मुके, असं अनुरागला वाटलं असणार. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात नुसता उभा राहायचो. माफी मागायची तरी कशी, ती पाटीवर लिहायची गोष्ट आहे का?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत होतो, तर आतून भूपाळी ऐकू आली. तुझी आई म्हणत होती. तुला तर ठाऊकच आहे, सूर आणि ती यांची कधी गाठ पडलेली नाही. लग्नानंतर मी शिकवायला बसलो होतो, आठ दिवसांत दोघांनी कानाला खडा लावला. पण शब्द न शब्द पाठ, मी जिथे श्वास घ्यायचो तिथे श्वासही घेते.

तेव्हापासून मी फिरायला उशिरा जातो. पोळपाटाजवळ स्टूल घेऊन बसतो. ती चुकली की ओट्यावर दोनदा बोट वाजवतो, ती थांबते, लाटणं रोखून बघते आणि ती ओळ पुन्हा म्हणते. माझा आवाज काही परत येत नाही, आणि तिचा काही सुधारत नाही.

काल तिने प्रथमच सगळी भूपाळी न थांबता म्हटली. शेवटची ओळ पार घसरली, आणि तिने घाबरून माझ्या बोटाकडे पाहिलं.

मी एकदाच वाजवलं.

दिवाळीला ये. आमच्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझे बाबा