हत्तिणीचं सुतक

लेमारिसदादास धाकट्याचा नमस्कार,

मी बरा आहे, दोन वेळा जेवतो. आईचे गुडघे काय म्हणतात?

इथल्या अभयारण्यातली म्हातारी हत्तीण मेली. कळप तिला सोंडेने चाचपत, अंगावर फांद्या टाकत उभा राहिला. साहेबांचे डोळे भरले. "लांब राहा रे, त्यांना सुतक पाळू द्या!" बाबा गेले तेव्हा मी रजा मागितली, तर हेच साहेब म्हणाले होते, "तू गेलास तर हत्ती कोण राखणार?"

कळप हलल्यावर मीही तिच्यावर ओली फांदी ठेवली. हत्ती आपले भाऊबंद, मेलेल्यावर फांदी ठेवायचा आपला रिवाज मोडवेना. बाबांच्या थडग्यावर माझ्या वाटची तू ठेव.

मी का आलो नाही असं आईने विचारलं, तर नदीला पूर होता म्हण. पूर तिला समजतो.

तुझा,
लेतोइये