हाय खाल्ली म्हणतात

प्रिय ठोंब्या,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. दुकान रोज उघडतो, पण मशीनवर बसायची बंदी आहे. तुझ्या आईचं फर्मान. कापड बेतून देतो, बटणं लावतो, बाकी कारागीर बघतो.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक बसड्रायव्हर होते, आठवतात? स्टेंट बसवल्यावर त्यांनी जाहीरच करून टाकलं, की इंजिन नवं झालं, आता गोळ्या कशाला. पलीकडच्या मास्तरीणबाई तर झटका आला हेच मानायला तयार नव्हत्या. पित्त खवळलं होतं, डॉक्टरांनी राईचा पर्वत केला, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. ड्रायव्हरांनी घरी जाऊन खरंच गोळ्या सोडल्या. परवा त्यांची बायको त्यांचा कोट घेऊन आली, मुलाच्या मापाचा करून द्या म्हणाली. तो उसवताना माझा हात चालेना.

मी तरी कुठला शहाणा? छातीवर गरम इस्त्री ठेवल्यासारखं होत होतं आणि मी सोडा पीत बसलो होतो. नंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कशामुळे झालं असं वाटतं तुम्हाला? मी म्हणालो, "मनाला लागलं, म्हणून." त्या हसल्या नाहीत. पडद्यावर माझ्या रक्तवाहिन्या दाखवल्या. कित्येक वर्षांपासून आतून भरत आल्या होत्या. साखर, सिगारेट, बैठं काम. जिना चढताना दम लागायचा आणि मी जिन्यालाच नावं ठेवायचो. त्या दिवशी झालं नसतं, तर पुढं कधीतरी जिन्यावरच झालं असतं, असं त्या म्हणाल्या.

तुझ्या आईनं मात्र सगळ्या नात्यागोत्यात सांगितलं, की पोरानं दुकान नको म्हटलं आणि ह्यांनी हाय खाल्ली. तिच्यावर रागावू नकोस. घाबरली होती, कुणावर तरी खापर फोडायचं होतं तिला. ती दवाखान्यात हे सांगत होती तेव्हा तू डबा घेऊन दाराशीच उभा होतास, हे मावशीनं मला काल सांगितलं. डबा मावशीच्याच हातात देऊन परत फिरलास म्हणे. मी आपला समजत होतो, नव्या नोकरीत रजा मिळत नसेल. फोन करतोस तोही आईला, औषधं पोचली का एवढं विचारायला.

हृदय फार कमजोर झालंय रे. सोमवारी छाती उघडणार आहेत. डॉक्टरीणबाई काही लपवत नाहीत, तेव्हा मीही तुझ्यापासून लपवत नाही. मी टेबलावरून उठलो नाही, तर लोक पुन्हा तेच बोलतील आणि तू मुकाट्यानं ऐकून घेशील. म्हणून लिहितोय. तू दुकान नको म्हणालास तेव्हा माझं मन दुखलं होतं, खोटं कशाला बोलू? पण हा आजार त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तो माझा आहे, तुझा नाही. जमलं तर सोमवारच्या आत ये, आणि थेट माझ्या खोलीत ये.

तुझाच,
बाबा